अठ्ठावन्नचा केक

किडनीचा रिपोर्ट आला म्हणून घरी केक आणणारा माणूस जगात एखादाच असेल, आणि तो नेमका रेडिओच्या नशिबी वडील म्हणून आला होता.

रेडिओ म्हणजे त्या घरातली एकुलती एक मुलगी. तिचं खरं नाव शाळेच्या हजेरीत होतं आणि तिथेच सुखात होतं. घरात, जिन्यात आणि थेट कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत ती रेडिओच, कारण सकाळी डोळे उघडायच्या आधी तिचं तोंड उघडायचं, आणि मग दिवसभर बातम्या, हवामान, नाटक, चर्चा, सगळे कार्यक्रम एकाच स्टेशनवर. त्यात यंदा शाळेच्या वादविवाद स्पर्धेत ती पहिली आली होती. तेव्हापासून समोरचा माणूस गप्प बसला की आपण जिंकलो, अशी तिची पक्की समजूत झाली होती.

बाबा सार्वजनिक तरणतलावाच्या पंपरूममध्ये होते. वर लोक निळ्याशार पाण्यात सूर मारायचे, आणि त्यांच्या पायाखाली, लोखंडी शिडीने उतरून गेलं की, बाबांचं राज्य सुरू व्हायचं. तिथे पोट सुटलेल्या दोन काकांसारखे दोन मोठे वाळूचे फिल्टर शेजारी शेजारी बसलेले असत. तलावाचं पाणी वरून वाळूत शिरायचं, मळ वाळूत अडकायचा आणि स्वच्छ पाणी खालून परत तलावात जायचं. मळ फार साठला की फिल्टरच्या डोक्यावरचा प्रेशरचा काटा वर चढायचा. मग बाबा व्हॉल्व्ह फिरवून पाणी उलटं सोडायचे, सगळा मळ गटारात, आणि काटा टुणकन खाली. याला म्हणायचं बॅकवॉश. रेडिओला अंगाईसुद्धा बॅकवॉशचीच ऐकायला मिळाली होती.

तर त्या संध्याकाळी बाबा एका हातात केकचा खोका आणि दुसऱ्या हातात लॅबचा रिपोर्ट घेऊन दारात उभे राहिले, आणि त्यांचा चेहरा असा की आता कोणीतरी बँड लावावा.

मधुमेह बाबांकडे बरीच वर्षं मुक्कामाला होता. साखरेने किडनीच्या बारीक जाळ्या खराब होतात, म्हणून दर वर्षी तपासून घ्या, असं डॉक्टरीणबाईंनी बजावून ठेवलं होतं. मागच्या वर्षीचा रिपोर्ट फ्रिजवर चुंबकाखाली लटकत होता. बाबांनी त्याच्याशेजारी नवा लावला, दोन पावलं मागे सरले आणि पोटावर हात बांधून उभे राहिले.

"वाचा," ते म्हणाले. "तिसरी ओळ. ईजीएफआर. किडनी कशी गाळते त्याचा आकडा. मागच्या वर्षी किती?"

आईने चष्मा कपाळावरून नाकावर आणला. चौऱ्याहत्तर होते.

"आणि आता?"

अठ्ठावन्न.

"काटा खाली आला. म्हणजे काय झालं?"

"फिल्टर साफ झाला," आई आणि रेडिओ एका सुरात म्हणाल्या. त्या घरात दुसरं उत्तरच नव्हतं.

शेजारच्या रकान्यात बारीक अक्षरात 'नव्वदपेक्षा जास्त' असं छापलेलं होतं. त्याचाही अर्थ बाबांकडे तयार होता. प्रेशरच्या प्रत्येक काट्यावर एक लाल रेघ असते, तिच्या पलीकडे काटा गेला की धोका. इथे लाल रेघ नव्वदला, आपण कुठे, तर अठ्ठावन्नला. म्हणजे अजून बत्तीसची मोकळीक. याचं श्रेय त्यांनी स्वतःलाच दिलं, कारण गेले काही महिने ते रोज सकाळी उठल्या उठल्या तांब्यावर तांब्या पाणी रिचवत होते. स्वतःचा बॅकवॉश. क्रिएटिनिन नावाच्या ओळीपुढे एक छोटासा बाण वर तोंड करून उभा होता, पण तो त्यांनी खिजगणतीतही धरला नाही. पंप चालू असताना काटा तेवढा थरथरतोच, म्हणे.

मग केक कापला. दोन जाड तुकडे रेडिओने गट्टम केले, एक आईने चाखला, आणि बाबांच्या वाट्याला मेणबत्ती आली. आईने खोका उचलून सरळ शेजारच्या घरी पोचता केला. बाबांनी मोठ्या मनाने तेही सोसलं. त्याच आनंदात त्यांनी दवाखान्यात फोन करून सोमवारची भेट रद्द केली, डॉक्टरांचा वेळ कशाला खायचा म्हणाले, आणि गुडघ्यासाठी दुखण्यावरची एक गोळी पाण्याबरोबर गिळली. क्षणभर विचार केला आणि आणखी एक गिळली. फिल्टर झकास असल्यावर काय, दोनही चालतात.

रेडिओने हे पाहिलं आणि सोडून दिलं, कारण तिच्या डोक्यात भलतंच चालू होतं. बाबांचा अठ्ठावन्न हा आकडा जगात कितव्या क्रमांकावर लागतो ते शोधून काढायचं आणि उद्या वर्गात भाव खायचा, असा तिचा बेत होता. तिने फोनवर आकडा टाकला. मधुमेह असणाऱ्यांसाठीच्या एका पानावर ठळक अक्षरात लिहिलं होतं की हा आकडा जितका मोठा तितकं चांगलं. नव्वदच्या वर उत्तम. साठच्या खाली तीन महिने राहिला, तर किडनीचं दुखणं मानायचं.

तिने फोन उलटा करून बघितला, जणू त्याने आकडे खाली-वर होणार होते. मग दुसरं पान उघडलं, मग तिसरं. सगळी पानं एकमेकांना सामील असल्यासारखी तेच सांगत होती. तिसऱ्यावर आणखी एक ओळ होती: दुखण्यावरच्या काही गोळ्या किडनीवर ताण आणतात, मधुमेह असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या घेऊ नयेत. खाली त्या गोळ्यांची नावं होती, आणि पहिलंच नाव बाबांच्या पट्टीवरचं होतं.

आता इथे दुसरी कोणी शहाणी मुलगी असती तर तिने आधी दम खाल्ला असता. रेडिओने स्टेशन लावलं. दुसऱ्या दिवशी जेवताना तिने एका श्वासात किडनी, साखर, साठ, नव्वद, गोळ्या, डायलिसिस, सगळं ताटात वाढलं, वर वादविवादातल्यासारखे तीन मुद्दे बोटांवर मोजले आणि शेवटी सभागृहाला आवाहनही केलं.

बाबांनी शांतपणे घास संपवला. मग त्यांनी आठवण करून दिली की मागच्या महिन्यात आईला उचकी लागली तेव्हा याच फोनने आईच्या मेंदूत काहीतरी आहे असं सांगितलं होतं. त्याच्या आधी रेडिओला स्वतःलाच असा आजार झाला होता जो फक्त मेंढ्यांना होतो. आणि फिल्टर म्हणाल तर ते तिच्या जन्माच्या आधीपासून फिल्टरच बघत आलेत. ते उठून हात धुवायला गेले, आणि सभागृह रिकामं झालं.

तिची पार हवा निघाली. समोरची खुर्ची आता गप्प होती खरी, पण जिंकल्यासारखं काही वाटेना.

आई मात्र ताटावर तशीच बसून होती. आई ड्रायक्लीनिंगच्या दुकानात काउंटरवर असायची. तिथे पहिलं काम म्हणजे आलेल्या कपड्यांचे खिसे रिकामे करणं, आणि ती खोड घरीही गेली नव्हती. तिने कपाटातून एक डबी आणून टेबलावर ओतली. गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या. चुरगळलेल्या, दुमडलेल्या, चंदेरी कचऱ्याचा एक छोटा ढीग.

"पँटीच्या खिशांतून," आई हळू आवाजात म्हणाली. "आधी आठवड्याला एखादी सापडायची. आता रोज."

वाळूची पोती उचलून आणि ती शिडी चढून-उतरून बाबांचा गुडघा कामातून गेला होता, हे दोघींना ठाऊक होतं. तो इतका गेला होता हे ठाऊक नव्हतं. दुखतंय असं बाबा कधी म्हणायचेच नाहीत. ते फक्त गोळी घ्यायचे, आणि आता काटा खाली आल्याच्या खुशीत दुप्पट घेत होते. म्हणजे गोळी आकडा पाडणार, आकडा पडला की बाबा खूश होणार, खूश झाले की आणखी गोळी घेणार. रेडिओला हे चक्र डोळ्यांसमोर गरगर फिरताना दिसलं. ते थांबवायचं होतं, आणि बाबांना डॉक्टरीणबाईंच्या समोर बसवायचं होतं. बस, एवढंच. पण बोलून जिंकायची तिची सगळी कला या एका माणसापुढे कुचकामी ठरली होती.

आईने बोलून पाहिलं. बाबा म्हणाले, तूही तिच्या नादाला लागलीस.

तोडगा निघाला तो गृहपाठातून, आणि गृहपाठातून काही चांगलं निघू शकतं याचा रेडिओलाच सगळ्यात मोठा धक्का बसला. तिचे भौतिकशास्त्राचे सर एककाच्या बाबतीत कसाई होते. उत्तर कितीही बरोबर असो, पुढे मीटर की सेकंद की लिटर ते लिहिलं नाही तर अर्धा गुण कचकन कापायचे. पाच काय, पाच आंबे की पाच हत्ती, असं वर्गभर विचारत फिरायचे. रेडिओ स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून एकेका उत्तराला एककाची शेपटी लावत होती. समोर फ्रिज. फ्रिजवर दोन रिपोर्ट. सवयीने तिची नजर अठ्ठावन्नच्या शेपटीकडे गेली.

मिली प्रति मिनिट. त्यापुढे शरीराच्या आकाराचं काहीतरी चौरस मीटरात होतं, ते तिने सोडून दिलं. मिलिलिटर, दर मिनिटाला.

ती खुर्चीवरून उठून फ्रिजला नाक लावेपर्यंत जवळ गेली. प्रेशर असं कुठे मोजतात? प्रेशर नव्हतंच ते.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती घरी न जाता तलावावर गेली. क्लोरीनच्या वासातून, ओल्या चपलांच्या रांगेतून, शिडी उतरून खाली. बाबा एका फिल्टरपाशी पाना घेऊन बसले होते, दुखरा पाय लांब करून. तिला बघून त्यांनी भुवया उंचावल्या. भाषणाची तयारी ठेवून बसलेल्या माणसाच्या भुवया होत्या त्या.

रेडिओने दप्तर खाली ठेवलं आणि तोंडाला कुलूप लावलं. हे तिला किती जड गेलं ते तिचं तिलाच माहीत. बराच वेळ ती नुसती पंपाची घरघर ऐकत उभी राहिली. एवढी शांतता तिच्याकडून कधी आली नव्हती, त्यामुळे बाबाच कावरेबावरे झाले.

"बरं नाही का वाटत?" त्यांनी विचारलं.

"बरं आहे. एक विचारू? तो काटा कशात मोजतो?"

प्रेशर किलोत, बाबांनी सांगितलं. एवढ्या जागेवर एवढे किलो जोर.

"आणि ही?" तिने भिंतीवरच्या उभ्या काचेच्या नळीकडे बोट केलं. नळीत एक लाल गोटी पाण्याबरोबर वर-खाली नाचत होती.

तो फ्लो मीटर. दर मिनिटाला किती लिटर पाणी फिल्टरमधून पार होतं ते गोटी सांगते. बाबांना विचारलं की बाबा खुलायचे, तसे ते खुलले. फिल्टर तुंबला की काटा वर जातो आणि गोटी खाली बसते. साफ असला की काटा खाली, गोटी वर. अडाणी माणूस एकच बघतो. दोन्ही बघायला लागतात.

"म्हणजे लिटर प्रति मिनिट खाली आलं, तर ते चांगलं नाही."

"चांगलं कसलं? पाणी पार होत नाहीये म्हणजे."

रेडिओने दप्तरातून रिपोर्ट काढला. घरून निघताना तिने तो चुंबकाखालून सोडवून आणला होता. तिने तो बाबांच्या हातात दिला आणि अठ्ठावन्नच्या शेपटीखाली नख टेकवलं.

बाबांनी वाचलं. मग हात लांब करून वाचलं. मग उठून दिव्याखाली जाऊन वाचलं. त्यांनी एकदा काट्याकडे पाहिलं, एकदा गोटीकडे, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग हळूहळू उतरत गेला. पंप आपला घरघरतच होता.

"ही गोटी आहे," ते म्हणाले.

"हो."

"चौऱ्याहत्तरवरून अठ्ठावन्नला आली."

"हो, बाबा."

"आणि मी केक आणला."

रेडिओला हसू फुटलं. तिने ते दाबायचा खूप प्रयत्न केला, पण बाबांच्याच मिशा आधी हलल्या, आणि मग त्या दोन पोटसुट्या फिल्टरांच्या मधोमध बाप-लेक इतके हसले की वरून कोणीतरी जाळीतून वाकून बघितलं. हसता हसता बाबा मध्येच थांबले. ते खाली बसले आणि गुडघा दाबत राहिले.

मग रेडिओने गोळ्यांचं सांगितलं, एकाच वाक्यात. आयुष्यात पहिल्यांदा एका वाक्यात. बाबांनी वाद घातला नाही. खिशातली पट्टी काढून त्यांनी तिच्या हातावर ठेवली. मग जरा ओशाळून विचारलं की डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलेली दुसरी तपासणी राहिली आहे, ती कशासाठी असेल.

"दुसरी कुठली?"

लघवीची. लॅबने झाकणाची बाटली दिली होती. ती बाबांनी वापरलीच नाही. एक तर तलावाचं पाणी राखणाऱ्या माणसाचं अर्धं आयुष्य त्याच एका गोष्टीशी झुंजण्यात जातं, त्यामुळे ती बाटलीत भरून लोकांना नेऊन द्यायची हे त्यांच्या तत्त्वात बसेना. आणि दुसरं म्हणजे बाटली फार छान होती. घट्ट झाकण, पारदर्शक. त्यांनी ती फळीवरून काढून दाखवली. आत रबरी वायसर नीट आकाराप्रमाणे लावून ठेवलेले होते.

"यात काय बघतात?" त्यांनी विचारलं.

रेडिओने ते पानांवर वाचलं होतं, ते तिने जमेल तसं सांगितलं. रक्तातलं एक प्रोटीन असतं, अल्ब्युमिन म्हणून. किडनीने ते आतच अडवायचं असतं. जाळी बिघडली की ते थोडं थोडं लघवीतून निसटायला लागतं. फार आधीपासून, गोटी अजून वरच असते तेव्हापासूनसुद्धा.

बाबा वायसरांची बाटली हातात धरून बसून राहिले. तलावाच्या तळाशी, पाणी आत येतं त्या तोंडापाशी, कधी कधी पांढऱ्या वाळूची एक बारीक रेघ दिसते. पोहणाऱ्या कोणाच्या ती लक्षातही येत नाही. पण बाबांना दिसली की ते तलाव बंद करायला लावायचे, मग वर कितीही आरडाओरडा होवो. फिल्टरमधली वाळू तलावात आली याचा अर्थ आतली जाळी फुटली.

"वाळू बघतात तर," ते स्वतःशीच म्हणाले. "आणि मी बघितलीच नाही."

सोमवारची भेट गेलीच होती. फोनवर खूप गयावया केल्यावर गुरुवारची मिळाली. त्याआधी बाबांनी लॅबमध्ये जाऊन नवी बाटली मागितली, आणि जुनीचं काय झालं असं विचारल्यावर काउंटरवरच्या माणसाला खरं उत्तर दिलं. तो माणूस म्हणे अजून सावरलेला नाही.

डॉक्टरीणबाई कमी बोलणाऱ्या होत्या. रेडिओला त्यांच्यासमोर बसलं की आपल्या पोटातलं सगळं बाहेर येईल अशी भीती वाटायची, म्हणून ती खुर्चीखाली पाय अडकवून बसली. बाईंनी दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवले. लघवीचा आकडा ब्याण्णव आला होता. तो तिसाच्या खाली हवा होता.

"एक आकडा वर हवा, एक खाली हवा," बाबा घाईघाईने म्हणाले. "ते कळलंय मला आता."

बाईंना त्याच्यामागची गोष्ट माहीत नव्हती, त्या नुसत्या मान हलवून पुढे गेल्या. एकदाच्या तपासणीवरून शिक्का मारत नाहीत, असं त्यांनी सांगितलं. ताप, फार दमणूक, अंगात पाणी कमी असणं, यांनीही आकडे हलतात. शिवाय उन्हाळ्यात त्या तळघरात घाम गाळायचा आणि वर त्या गोळ्या घ्यायच्या, म्हणजे किडनीला दोन्ही बाजूंनी रट्टे. गोळ्या आजपासून बंद. रक्तदाबही वर होता. त्यासाठी त्यांनी एक गोळी लिहून दिली, किडनीच्या आतला दाबही तीच उतरवते म्हणाल्या. साखर ताब्यात ठेवायची. तीन महिन्यांनी दोन्ही तपासण्या पुन्हा.

बाबांनी चाचरत बॅकवॉशचं विचारलं. रोज तांब्यावर तांब्या पाणी प्यायलं तर आतला मळ धुऊन निघेल की नाही.

"नाही," बाई म्हणाल्या. "किडनीत उलटं पाणी सोडता येत नाही. तहानेप्रमाणे प्या, घाम गाळला की जास्त प्या. पण जाळीचा जो भाग गेला तो गेला. उरलेला सांभाळायचा."

बाबा हे ऐकून एकदम लहान दिसायला लागले. रेडिओला तो क्षण मुळीच आवडला नाही. फिल्टर बिघडला की बाबा तो खोलायचे, वाळू बदलायचे, नवी जाळी बसवायचे. न खोलता येणारा फिल्टर त्यांना पहिल्यांदाच भेटला होता.

"आणि गुडघा?" त्यांनी विचारलं.

व्यायाम, शेक, अगदीच लागली तर दुसरी एक साधी गोळी, तीही विचारून. आणि पोती दुसऱ्या कोणीतरी उचलायची. या शेवटच्यावर बाबांनी असं तोंड केलं की ब्याण्णव आकडा त्यापुढे गोड वाटावा. इतकी वर्षं पोती त्यांनीच उचलली होती, आणि ते कोणाला सांगायला जाणार होते की माझ्याने होत नाही?

पुढचे तीन महिने घरात आईची झडती चालली. खिसे, बनियनची घडी, टोपीचं अस्तर, काही सुटलं नाही. एकदा पट्टी सापडलीच. आईने ती बाबांच्या डब्यात, पोळीच्या वर ठेवली. त्या दिवशी बाबा घरी आले ते मान खाली घालून, आणि त्यानंतर खिसे रिकामेच राहिले.

तलावावर मात्र कहर झाला. नव्याने धर्म स्वीकारलेल्या माणसासारखे बाबा प्रचाराला लागले. सकाळी उथळ टोकाला मधुमेहाची काही ज्येष्ठ मंडळी पाण्यात चालायला यायची. बाबा काठावर उभे राहून त्यांना विचारायचे, रक्ताची केली, ठीक, पण लघवीची केली का? पाण्याच्या काठावर उभा असलेला पंपरूमवाला मोठ्या आवाजात हा प्रश्न विचारतोय म्हटल्यावर तलावातल्या बाकीच्या सगळ्यांनी बाजूच्या माणसापासून चार हात लांब सरकायला सुरुवात केली. तक्रार वरपर्यंत गेली. बाबांना समज मिळाली. पण तोवर त्या मंडळींतल्या एका निवृत्त शिंपिणीने खरंच तपासणी करून घेतली होती, आणि तिचा आकडा तिसाच्या खाली निघाला म्हणून ती काठावर येऊन बाबांना ओलाचिंब आशीर्वाद देऊन गेली.

पोत्यांचं मात्र अवघड होतं. वाळू बदलायची वेळ आली तेव्हा बाबांनी वरच्या जीवरक्षकाला खाली बोलावलं, हे त्यानेच आईला दुकानात सांगितलं. बोलावलं, मग म्हणाले काही नाही, जा. पुन्हा बोलावलं. तिसऱ्यांदा तो आपणच शिडी उतरला आणि पोतं खांद्यावर घेतलं. बाबा दिवसभर त्याच्याशी धड बोलले नाहीत, म्हणे.

तीन महिन्यांनी पुन्हा त्या खुर्च्या. रेडिओने आदल्या दिवसापासून रिपोर्टचं पाकीट उशीखाली ठेवलं होतं आणि उघडलं नव्हतं. बाबांनीही उघडलं नव्हतं. बाईंनी कागद काढला, चष्मा सारखा केला.

ईजीएफआर सहासष्ट. लघवीचा आकडा अठ्ठेचाळीस.

रेडिओ आनंदाने जवळजवळ उभीच राहिली. आईने तिचा फ्रॉक मागून ओढून तिला बसवलं. बाई म्हणाल्या की छान आहे, गोळ्या थांबल्याचा फायदा दिसतोय, पण अठ्ठेचाळीस अजून तिसाच्या वर आहे. म्हणजे लक्ष ठेवायलाच हवं. रक्तदाबाची गोळी चालू, आणि तीन महिन्यांनी पुन्हा.

"चौऱ्याहत्तर नाही आले," बाबा म्हणाले.

"सगळं परत येईलच असं नाही," बाई म्हणाल्या. "सहासष्ट टिकवले, तर मी खूश."

बाहेर आल्यावर आई त्याच मजल्यावरच्या औषधांच्या दुकानाच्या रांगेत थांबली. लिफ्ट बंद होती, म्हणून बाबा आणि रेडिओ जिन्याने निघाले. रेडिओचं स्टेशन आता जोरात लागलं होतं. सहासष्ट, अठ्ठेचाळीस, पुढच्या वेळी तीस, मग वीस, ती एकटीच आकड्यांची शर्यत लावत खाली उतरत होती, आणि बऱ्याच पायऱ्यांनंतर तिच्या लक्षात आलं की आपल्यामागे पावलं वाजत नाहीत.

बाबा वळणावर कठड्याला धरून उभे होते. चेहरा घामेजला होता. पूर्वी अशा वेळी त्यांचा हात आपोआप खिशाकडे जायचा. आता तो खिशापर्यंत गेला, रिकाम्या खिशावर थापटून परत आला. ते जिन्याकडे बघत राहिले, मग तिच्याकडे.

"गुडघा दुखतोय," ते म्हणाले. "फार दुखतोय."

एवढ्या वर्षांत हे वाक्य त्या घराण्यात कोणी ऐकलं नव्हतं. रेडिओ दोन पायऱ्या वर चढली आणि तिने खांदा पुढे केला. बाबांनी त्यावर हात टेकला. आधी नुसता टेकला, मग त्यांचं सगळं वजन त्यावर आलं, अगदी सगळंच, आणि ती मटकन खाली बसता बसता वाचली.

"जड आहात हो बाबा."

"मग," बाबा म्हणाले, "तू कशाला घाई करतेस. हळू चल."

एक पायरी उतरायची, थांबायचं, मग पुढची, असं करत ती दोघं जिना उतरायला लागली. वरून औषधांची पिशवी घेऊन आई आली, आणि तिने दुसऱ्या बाजूने आपला खांदा पुढे केला.